कूलरसमोरची शाल

आई आता ऐंशीच्या घरात आहे. अजून स्वतः सांबारवड्या तळते, भाजीवाल्याशी हुज्जत घालते, नातवंडांची नावं न चुकता घेते. हे सगळं शाबूत राहिलं ते आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडममुळे, असं मी मानते. औषध डॉक्टरांनीच दिलं. पण डॉक्टरांकडे पाठवणारं कुणीतरी वेळेवर भेटावं लागतं.

मॅडम नागपुरातच शिकल्या, नागपुरातच शिकवत राहिल्या. पहिले पाऊस झाले की त्या फुटाळ्याकडच्या डबक्यातून बादलीभर बेडकांची पिल्लं आणवत. प्रयोगशाळेत तीन टब मांडले जात. एकात साधं पाणी, दुसऱ्यात थायरॉक्सिनचा अगदी किंचित अंश, तिसऱ्यात थायरॉइडचं काम रोखणारं थायोयुरिया. दुसऱ्या टबातल्या पिल्लांना बघता बघता मागचे पाय फुटत, शेपूट आखडत जाई आणि नखाएवढा बेडूक काठावर येऊन बसे. साध्या पाण्यातली पिल्लं आपल्या वेळेनं बेडूक होत. तिसऱ्या टबातली मात्र नुसतीच फुगत. अंगानं मोठी, तरी शेपटीवालीच. गुडरनॅच यांनी १९१२ मध्ये घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून पिल्लांचे असेच वेळेआधी बेडूक केले होते. पुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत संपते. मॅडम आम्हाला रोज टबापाशी उभं करत आणि जे दिसेल ते वहीत काढायला लावत.

"गळ्यावर बोट ठेवून थांबू नका," त्या म्हणत. "मागणी कुठून आली, ते शोधा."

मागणी वरून येते. हायपोथॅलॅमस टीआरएच सोडतो, त्यावर पिट्युटरी टीएसएच सोडते, आणि मग कुठे थायरॉइड कामाला लागते. रक्तात हार्मोन पुरेसं झालं की तेच वर जाऊन दोघांना आवरतं. अवघ्या तीन अमिनो आम्लांच्या त्या टीआरएचची रचना १९६९ मध्ये उलगडली. त्यासाठी गिलमाँ आणि शॅली यांच्या प्रयोगशाळांना मेंढ्यांचे आणि डुकरांचे लाखो मेंदू लागले होते. बेडकाच्या पिल्लात मात्र ही मागणी टीआरएच नव्हे, तर ताणाच्या वेळी स्रवणारं सीआरएच करतं. डबकं आटायला लागलं की ते वाढतं आणि पिल्लू घाईनं पाय काढतं. हे सांगताना मॅडमचा आवाज बदलायचा. मलाही अजून वर्गात ते सांगताना भरून येतं.

ग्रंथी देते ते मुख्यतः टी-फोर, म्हणजेच थायरॉक्सिन. ती कोठीतली ज्वारी. दळायची ज्याची त्यानं. मेंदू, यकृत, स्नायू आपापल्या गरजेप्रमाणे त्यातला आयोडीनचा एक अणू काढून टी-थ्री करून घेतात. खरं काम तेच करतं.

एका मे महिन्यात मॅडम काही कागद घ्यायला आमच्या घरी आल्या. बाहेर लू चालली होती, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी टपकत होतं, आणि आई शाल पांघरून मला कूलर बंद करायला सांगत होती. घरात सगळ्यांना ते वयाचं वाटायचं. मॅडमनी पाण्याचा पेला हातात घेतला आणि आईकडे बघत राहिल्या. पापण्या सुजलेल्या, भुवयांची टोकं विरळ, आवाज घोगरा.

"वहिनी, बद्धकोष्ठ राहते का? केस गळून राहिले का?"

आई म्हणाली, "उपवासानं होत असन, मॅडम. सोमवार, गुरुवार, एकादशी, सगळंच करतो न."

"उपवासाचं मी मानीन. पण आधी टीएसएच करून घ्या."

टीएसएच भलताच चढलेला निघाला. उपाशी शरीर थायरॉइडला वरूनच आवरतं, तेव्हा टीएसएच असा चढत नाही. इथे वरून हाका चालल्या होत्या आणि ग्रंथी ओ देत नव्हती. टी-फोरचीच गोळी सुरू झाली. पहाटे उपाशीपोटी, चहा त्यानंतर. पंधरा दिवसांत आई कंटाळली. तेव्हा मॅडमनी फोनवर तिला समजावलं, की टी-फोर रक्तात निम्मं व्हायलाच आठवडाभर घेतं, म्हणून सहा-आठ आठवडे धीर धरा. आईनं धरला. त्या वर्षी दिवाळीआधी तिनं पुन्हा स्वतः चकल्या पाडल्या.

उपवासाचा तो प्रश्न नागपूरच्याच माणसानं पुढे नेला, याचं मला अप्रूप आहे. नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदारांसोबत माशांच्या मेंदूवर काम केलेले प्रफुल्ल सिंगरू पुढे अमेरिकेत रोनाल्ड लेचन यांच्या गटात होते. उपाशी प्राण्यांच्या मेंदूत लेप्टिन, इन्सुलिन आणि ग्लुकोज दिल्यावर थायरॉइडच्या या साखळीवर कसा निरनिराळा परिणाम होतो, यावरच्या २००६ च्या शोधनिबंधात त्यांचं नाव आहे. लेप्टिन चरबीच्या पेशींतून येतं. उपवासात ते घटतं, आणि मेंदू टीआरएच कमी करून शिल्लक शक्ती जपतो. आईनं उपवासाला दिलेला दोष अगदीच निराधार नव्हता, हे मी तिला वाचून दाखवलं. तिनं एकादशी सोडलेली नाही.

मॅडमनी कधी काही घेतलं नाही; फार तर आईच्या हातची सांबारवडी. पण त्यांचं एक मागणं होतं, ते मी चालवते. आईला निदान "थंडी वाजते" म्हणता येत होतं. जन्मतःच ज्या बाळाची थायरॉइड काम करत नाही, त्याला सांगता येत नाही, आणि बहुतेकदा ते पहिल्या दिवसांत निरोगीच दिसतं. दोन आठवड्यांच्या आत गोळी सुरू झाली तर बहुतेकांची बुद्धी नीट वाढते. उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर ते कळतं, तरी आपल्या देशात ही तपासणी अजून प्रत्येक बाळाची होत नाही. ती व्हायलाच हवी. तोवर नात्यात, शेजारात, कॉलेजात कुणाकडे बाळ झालं की मी पेढा हातात घेण्याआधी विचारते, "टाचेचं रक्त घेतलं का? टीएसएच आला का?"