हिंगुळी लोखंड

पोळ्याला बैलांचीं शिंगें कोणत्या रंगानें रंगवावींत याविषयीं आमच्या घरांत कधीं मतभेद नव्हता. पाटोदा तालुक्यांतील आमच्या गांवीं हिंगुळाचा डबा आजोबांच्या वेळेपासून ठरलेला. परंतु आमचे चिरंजीव नऊ वर्षांचे असतांना त्यांनीं एका बैलाचें एक शिंग हिंगुळी व दुसरें निळें केलें. वेशींत लोक हंसले, माझे वडील रागावले, आणि सौंदर्यशास्त्रावर व्याख्यानें देणाऱ्या मीं त्याच्या हातून कुंचला काढून घेतला.

पुढें बारावीनंतर त्यानें जे. जे. स्कूल ऑफ आर्टचें नांव काढलें. "आधीं इंजिनियर हो, मग हवीं तेवढीं चित्रें काढ," असें मीं सांगितलें. कोरडवाहू जिल्ह्यांत जन्मलेल्या बापाला याहून निराळें सुचत नाहीं, हें वाचकांस सांगावयास नकोच. त्यानें ऐकलें. आज तो एकतीस वर्षांचा असून शिकागो शहरांत पुलांचे आराखडे तपासतो.

गेल्या वर्षीं आम्ही उभयतां त्याच्याकडे गेलों होतों. एका रविवारीं त्यानें मला डिअरबोर्न रस्त्यावरील एका मोठ्या चौकांत नेलें. भोंवतीं काळ्या पोलादाच्या व कांचेच्या सरकारी इमारती. सगळ्या रेघा सरळ, सगळे कोन काटकोन. आणि मध्यें ५३ फूट उंचीची, ५० टन वजनाची, लालभडक पोलादाची एक कमानदार आकृति, लांब पायांवर नुकतीच येऊन उतरल्यासारखी. नांव 'फ्लेमिंगो', १९७४ सालीं ती तेथें उभी राहिली.

"अरे, हा तर हिंगूळ!" मी एकदम म्हणालों.

"म्हणूनच आणलं तुम्हांला," तो म्हणाला.

मग त्या कमानीखालीं उभें राहून त्यानें मला तिच्या कर्त्याची, अलेक्झांडर काल्डरची, हकीकत सांगितली. काल्डरचा जन्म १८९८ चा. बाप शिल्पकार, आजा शिल्पकार. फिलाडेल्फियाच्या नगरभवनाच्या शिखरावरील विल्यम पेनचा पुतळा या आजाच्याच हातचा. अशा घरांतला हा मुलगा १९१९ सालीं यंत्रशास्त्राची पदवी घेऊन इंजिनियर झाला. (आमच्याकडे पेढे वांटले असते!) चार नोकऱ्या झाल्या, मन कोठें रमेना. १९२२ मध्यें तो एका जहाजाच्या भट्टीवर कामाला लागला. ग्वाटेमालाच्या किनाऱ्याजवळ एका पहाटे डेकवर जाग आली तों एका बाजूस तांबडा सूर्य वर येत होता आणि दुसऱ्या बाजूस रुप्याच्या नाण्यासारखा चंद्र अजून होताच. तें दृश्य त्याच्या मनांतून जन्मभर गेलें नाहीं. पुढच्याच वर्षीं त्यानें न्यूयॉर्कच्या चित्रशाळेंत नांव घातलें.

येथें मला राहवेना. "पाहिलंस? त्यानेंही आधीं इंजिनियरिंगच केलं!"

"हो, बाबा. पण पंचविसाव्या वर्षीं सोडलं."

तो तक्रार करीत नव्हता. पत्र्यांचे जोड बोटानें चांचपीत तो बोल्ट मोजीत होता. माझ्या सल्ल्यांतील 'मग' या शब्दाला मीं कधीं तारीख घातलीच नव्हती, हें मला त्या चौकांत प्रथम कळलें.

खरें पाहतां काल्डरनें इंजिनियरिंग सोडलें कोठें? १९३० मध्यें पॅरिसला मोंद्रियान या चित्रकाराच्या खोलींत भिंतीवरचे रंगीत चौकोन पाहून त्याला वाटलें, हे हालते तर बरें. मग तारा आणि रंगीत पत्रे घेऊन त्यानें वाऱ्यावर फिरणारीं शिल्पें केलीं. त्यांतील समतोल अगदीं टोंकाच्या पत्र्यापासून साधीत साधीत वर जावें लागतें. जड तुकडा आधाराजवळ, हलका दूर. आमच्या जिल्ह्यांतून दरवर्षीं ऊसतोडीला जाणारा गडी गाडींत मोळ्या रचतांना हेंच करतो. वजन मागें गेलें कीं गाडी उलाळ झालीच. हा काल्डर १९५५ सालीं साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून अहमदाबादला येऊन राहिला होता व तेथेंही त्यानें शिल्पें केलीं. अहमदाबाद तेव्हां मुंबई राज्यांत, आणि बीड हैदराबाद राज्यांत. बीडकडे तो फिरकण्याचें कांहीं कारण नव्हतें. तरी पोळ्याची वेस त्यानें एकदां पाहावयास हवी होती, असें मला उगाच वाटतें.

परत येतांना विमानतळावर मीं मुलाला म्हटलें, "अजून उशीर झाला आहे असं नाहीं." तो हंसला आणि आईची पिशवी नीट बांधूं लागला.

आतां गांवीं बैलांची एकच जोडी उरली आहे. यंदाच्या पोळ्याला संध्याकाळीं त्याचा फोन आला. शिंगांना कोणता रंग लावला, असें त्यानें विचारलें.

"हिंगूळ," मी म्हणालों.

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "चारी शिंगांना?"