मौनाचा भाव

तांबे म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे संध्येची पळी-पंचपात्री उभी राहते. याच धातूच्या आशेवर माणसे घरची पुंजी पणास लावतात, हे मात्र साठी उलटल्यावर, कॅनडासारख्या दूरदेशी आम्हांस पाहावयास मिळाले.

आमचे धाकटे बंधू निवर्तल्यावर कोकणातील सामाईक आगर विकावे लागले. त्यांच्या वाट्याची रक्कम वडीलकीच्या नात्याने आमच्याकडे ठेव म्हणून राहिली. त्यांचा मुलगा टोरांटोस नोकरीस असतो. गतवर्षी भाद्रपदात त्याच्याकडे गेलो असता, एके रात्री पानावरून उठल्यावर तो म्हणाला, “काका, ती रक्कम मला हवी आहे. तांब्याचा शोध घेणाऱ्या एका लहानशा कंपनीचे शेअर घ्यावयाचे आहेत. भोके पाडून झाली. निकाल महिन्यापूर्वीच यावयाचा, तो अद्याप नाही. ज्या अर्थी इतका उशीर, त्या अर्थी काहीतरी मोठे सापडले असणार. टिमिन्सला असेच झाले होते.”

आम्ही म्हणालो, “तर मग आधी टिमिन्स दाखव.”

टोरांटोपासून हे गाव उत्तरेस सुमारे सातशे किलोमीटर. शेते मागे पडली की खडक, तळी आणि सूचिपर्णी अरण्य यांवाचून काही दिसत नाही. मधूनच पांढऱ्या सालीची झाडे पिवळ्या पानांनी झळकत होती. सालीचा एक पापुद्रा हाती घेतला आणि ओळख पटली. ही तर आपल्या भूर्जवृक्षाची भावंडे! १९१२ साली सोन्याच्या खाणींमुळे वसलेल्या या गावाच्या उत्तरेस, सुमारे पंधरा मैलांवर, किड क्रीकची तांब्या-जस्ताची प्रचंड खाण आहे. जमिनीखाली जवळजवळ तीन किलोमीटर खोल ती गेली. तिचे उंच मनोरे दुरून दिसू लागताच पुतण्याने मोटार कडेला घेतली. तेथील अर्धी हकीकत त्यास ठाऊक होती. उरलेली आम्ही वाटेत वाचून काढली होती.

१९६३ च्या नोव्हेंबरात टेक्सास गल्फ सल्फर कंपनीने येथे पहिले भोक ६५५ फूट पाडले. हिरे जडवलेल्या पोकळ नळीने खडकाच्या कांड्या बाहेर काढतात आणि त्यांचा कस पाहतात. सुमारे ६०० फूट लांबीत सरासरी शेकडा सव्वा भाग तांबे, आठ भागांहून अधिक जस्त आणि शिवाय चांदी भरली. आसपासची जमीन विकत घेता यावी म्हणून कंपनीने मौन धरले. इतकेच नव्हे, तर मुद्दाम बाजूस एक वांझ भोकही पाडले. कुजबूज वाढली तेव्हा १२ एप्रिल १९६४ रोजी, अफवा अतिशयोक्त आहेत, असे तिने जाहीर केले. आणि चारच दिवसांनी अडीच कोटी टनांहून अधिक खनिजाची घोषणा केली! नोव्हेंबरात अठरा डॉलरांच्या आत असलेला शेअर मेच्या मध्यास ५८ वर गेला. मधल्या काळात आतल्या लोकांनी स्वतः शेअर घेतले होते. १९६८ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने त्यांस दोषी धरले. परंतु ज्यांनी आधीच शेअर विकले, त्यांच्या हातून ही चढती निसटली.

“पाहिलेत, काका?” पुतण्या म्हणाला.

“पाहिले. आता दुसरी हकीकत ऐक.”

त्याच वर्षी जुलैच्या आरंभी, येथून काही मैलांवर, विंडफॉल नावाच्या लहान कंपनीने आपले पहिले भोक ५३० फुटांवर थांबवले. तिच्या चालक व्हायोला मॅकमिलन या काही ऐऱ्यागैऱ्या नव्हत्या. खनिजशोधकांच्या संघाचे अध्यक्षपद त्यांनी वीस वर्षे भूषविले होते. निकाल बाहेर येईना. बाजाराने म्हटले, शेजारी घडले तेच येथे घडले असणार! एका डॉलरच्या आसपासचा शेअर तीन आठवड्यांत साडेपाचांच्या वर गेला. ३० जुलै रोजी निकाल लागला : काढण्याजोगे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी शेअर डॉलराच्याही खाली आला. चौकशी आयोग बसला, १९६६ मध्ये ऑन्टारिओचा कायदा कडक झाला. पण मॅकमिलन दांपत्यावरील या प्रकरणातील फसवणुकीचा आरोप न्यायालयात टिकला नाही. मधल्या तीन आठवड्यांत बाजाराने जे काही मानले, त्यास निकालाचा आधार नव्हता.

तर्कसंग्रहात संशयाचे उदाहरण आहे : अंधुक प्रकाशात दिसते ते खोड की माणूस? येथे तर एकाच अरण्यात, एकाच वर्षी दोन मौने. एकाच्या पोटी खजिना, दुसऱ्याच्या पोटी शून्य. आणि बाहेरून दोहोंचे रूप एकच! शिवाय उशिरास साधी कारणेही असतात. कांड्या चिरून प्रयोगशाळेत धाडावयाच्या, तेथे रांग. ठाऊक कसाचे नमुने मध्ये मिसळून परीक्षा घ्यावयाची. जुळले नाही तर पुन्हा सर्व आरंभापासून. तेव्हा उशीर हा पुरावा नव्हे. तो केवळ उशीर.

परतीच्या वाटेवर पुतण्या बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “निकाल येऊ द्या. मग पाहू.”

आम्ही घरी परतलो. कार्तिकात त्याचा फोन आला : निकाल चांगला लागला होता, शेअर दुपटीने चढला होता. “काका, आपला पैसा दुप्पट झाला असता हो!” त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, हे वाचकांपासून लपवीत नाही. बापाविना पोराचे आपण नुकसान तर केले नाही ना?

पहाटे मात्र आमचा जुना वर्ग आठवला. गणिताचे उत्तर बरोबर आणि रीत मात्र चुकलेली, अशी वही आली की आम्ही गुण देत नसू. कारण पुढच्या गणितात त्याच रीतीने तो मुलगा फसणार. ठेव अद्याप जशीच्या तशी आहे. ज्या दिवशी त्याची रीत बरोबर येईल, त्या दिवशी ती त्याच्या स्वाधीन करू.