विजेचा पाणवठा

दिवा लावणे फारसे कठीण नसते. तो कोठे ठेवावा हे कळणे कठीण. दिवाळीच्या संध्याकाळी घरातली एखादी वडीलधारी बाई पणत्या मांडते तेव्हा तिच्याकडे जरा निरखून पाहावे. एक पणती तुळशीपाशी, दोन उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना, एक पाण्याच्या कट्ट्यावर. पडद्याजवळ ती पणती ठेवणार नाही, वाऱ्याच्या तोंडी ठेवणार नाही, आणि धावत येणाऱ्या पोरींच्या परकराचा घोळ लागेल अशा पायरीवर तर मुळीच ठेवणार नाही. पण म्हणून कुणाच्या नजरेलाच पडू नये अशा कोपऱ्यातही ती दिवा दडवत नाही. न दिसणारा दिवा लावून उपयोग तरी काय? जपून ठेवायचा, पण दिसेल असा ठेवायचा, हे तिचे साधे शास्त्र. ते कुठल्या पुस्तकात छापलेले नसते, आणि तिला ते कुणी मुद्दाम शिकवलेलेही नसते.

हे शास्त्र विजेच्या गाड्यांनाही लागू पडते असे मी म्हटले तर तुम्ही हसाल. बालवाडीत शिकवणारी आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारी बाई विजेच्या गोष्टी कशाला बोलते, असेही म्हणाल. माझे विज्ञान दहावीच्या पुढे गेले नाही, हे खरेच. पण यजमानांनी दोन वर्षांपूर्वी विजेवरची मोटार घेतली, आणि तेव्हापासून आमच्या घरात विजेची चर्चा आमटीइतकी नित्याची झाली आहे. मुलांच्या परीक्षेचे गुण विचारावेत तसे आम्ही एकमेकांना ‘किती टक्के राहिले?’ असे विचारतो.

या गाडीचा आणि पेट्रोलच्या गाडीचा खरा फरक वेगात नाही, थांबण्यात आहे. पेट्रोल पाच मिनिटांत भरून होते. आमच्या गाडीच्या बॅटरीत तीस युनिट वीज मावते. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ती भरायला नऊ-दहा तास, म्हणजे अख्खी रात्र जाते. हमरस्त्यावरच्या मोठ्या यंत्रावर हेच काम पाऊण तासात होते. तेही ८० टक्क्यांपर्यंत. त्यापुढे बॅटरी पोट भरलेल्या पाहुण्यासारखी सावकाश घास घेऊ लागते. थोडक्यात, पेट्रोलपंपावर गाडी थांबते आणि चार्जिंग स्टेशनवर माणूस थांबतो. जेथे माणूस पाऊण तास थांबणार ती जागा कशी असावी, हा खरा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न इंजिनिअरपेक्षा पणत्या मांडणाऱ्या बाईला आधी सुचतो.

मागच्या मार्गशीर्षात पुण्याचे एक लग्न आटोपून आम्ही सांगलीला परतत होतो. बरोबर सासूबाई होत्या, वय अठ्ठ्याहत्तर. साताऱ्याच्या पुढे गाडीने टक्के संपत आल्याची सूचना दिली. मोबाइलमधल्या नकाशाने जवळचे चार्जिंग स्टेशन दाखवले ते एका हॉटेलच्या मागल्या अंगाला. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. हॉटेल बंद. मागे एक कंपाउंडची भिंत, भंगारातल्या खुर्च्यांचा ढीग, दोन कुत्री आणि त्या अंधारात यंत्राचा तेवढा हिरवा दिवा. ना माणूस, ना बाकडे, ना पाणी. स्वच्छतागृहाला कुलूप. यजमानांनी गन गाडीला लावली आणि आम्ही काचा वर करून बसून राहिलो. यंत्राने आपले काम चोख केले, याबद्दल तक्रार नाही. पण ती चाळीस मिनिटे मला चाळीस कोसांसारखी वाटली. कुणी पावले वाजवत जवळून गेले की मी दाराचे लॉक चाचपून पाहत होते.

सासूबाई शेवटी म्हणाल्या, “अगं, तहान गाडीला लागली, पण कोरड माझ्या घशाला पडली. असला कसला हा पाणवठा? आमच्या वेळी विहीर खणायची तर आधी बाईमाणूस घागर घेऊन कुठून येईल ते बघत.”

मी तेव्हा नुसती हसले. पण ते वाक्य मनात रुतून बसले. याच रस्त्यावर साताऱ्याच्या अलीकडे लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे. इ.स. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. पुष्कळ लोक ती पाहायला जातात आणि दगडी बांधकाम पाहून थक्क होतात. मला मात्र तिथल्या मोटांचे नवल वाटते. एकाच वेळी बारा मोटा चालायच्या म्हणजे बैलांच्या बारा जोड्या पुढे जाणार, मागे येणार. मोटेच्या विहिरीला धाव लागते. बैल ज्या उतारावरून दोर ओढीत जातात ती वाट म्हणजे धाव. पाणी कितीही असो, धावेला जागा नसेल तर मोट चालायची कशी? जुन्या लोकांनी पाण्याचा विचार केला तसा पाणी ओढणाऱ्याचाही केला. आपण मात्र यंत्र बसवतो आणि धाव विसरतो.

आपल्याकडे नियम नाहीत असे नव्हे. केंद्र सरकारने २०१८ साली चार्जिंग स्टेशनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शहरात तीन किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद अशा प्रत्येक चौकोनात निदान एक स्टेशन असावे, आणि हमरस्त्यावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक असावे, असे त्यांत म्हटले होते. २०१९ साली सुरक्षेचे नियम आले. सॉकेट जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर उंच हवे. गाडी यंत्रापासून पाच मीटरच्या आत उभी राहिली पाहिजे. केबलला केबल जोडून लांबवायची नाही. वीज कुठे गळू लागली तर ३० मिलिअँपिअरच्या पुढे जाण्याआधीच पुरवठा तोडणारे उपकरण हवे. हे नियम शहाणपणाचे आहेत. परंतु ते यंत्राभोवतीच्या पाच मीटरांचे आहेत. सहाव्या मीटरवर काय आहे, अंधार आहे की चहाची टपरी, हे ज्याने जागा निवडली त्याच्या अकलेवर सोडलेले असते.

हा विचार एवढ्यावरच राहिला असता. पण यंदा उन्हाळ्यात तो आमच्या दारातच येऊन उभा राहिला. आमच्या भागात एक सार्वजनिक चार्जिंग स्टेशन व्हायचे घाटते आहे. त्यासाठी तीन जागा सुचवल्या गेल्या. एक आमच्या बालवाडीला लागून असलेली मोकळी जागा. दुसरी नदीकडचे उतरते मैदान. तिसरी भाजीबाजाराचा कोपरा. रहिवाशांची बैठक बालवाडीच्याच पटांगणात झाली, आणि तिथे जो गोंधळ झाला त्यापुढे माझा लहान गट म्हणजे ऋषींचा आश्रम म्हणावा!

“पोरांच्या शेजारी बॉम्ब नको,” असे एक गृहस्थ तावातावाने म्हणाले. आयाबाया घाबरल्या. दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी मला विचारू लागल्या, “बाई, खरंच उडतं का हो ते?” तीस मुलांची जबाबदारी माझ्यावर. उगाच धीर देणेही बरोबर नाही आणि उगाच भीती घालणेही. म्हणून मी आमच्या ओळखीच्या वायरमनला गाठले. तीस वर्षे खांबांवर चढउतार केलेला माणूस. त्याला म्हटले, मुलांना सांगतोस तसे मला सांग.

तो म्हणाला, “बाई, ती गन नुसती लोंबत असते तेव्हा तिच्यात वीज नसते. गाडीला लावली की आधी यंत्र आणि गाडी एकमेकांशी बोलतात. गाडी नीट जोडली का, अर्थिंग आहे का, कुठं गळती नाही ना, हे सगळं बघून मग कुलूप बसतं आणि मग वीज सुटते. मध्येच काही बिघडलं तर बंद. तुमच्या घरच्या मिक्सरला एवढी अक्कल नाही.”

“मग भ्यायचे कशाला?”

“बॅटरीला. तीही रोज नाही. पण एकदा आत एक सेल तापून पेटला की शेजारचा पेटवतो, तो पुढचा. धूर विषारी. पाणी मारत राहावं लागतं, आणि विझली म्हणून पाठ फिरवावी तर काही तासांनी परत पेटते. म्हणून मी म्हणतो, जिन्याखाली नको, तळघरात नको, जायच्या-यायच्या एकुलत्या वाटेवर नको. उघड्यावर असू द्या, आणि अग्निशमनाची गाडी जवळ येईल एवढी वाट ठेवा.”

त्याचे बोलणे ऐकताना मला सिकंदराबादची आठवण झाली. १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री तिथे विजेच्या स्कूटरच्या एका शोरूमला आग लागली. वरच्या मजल्यांवर लॉज होते. धूर वर चढला आणि आठ माणसे प्राणाला मुकली. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, त्यात नवल नाही. पण आग कोठे लागली यावर कितीजण जिवंत सुटतील हे ठरते. तीच आग मोकळ्या मैदानात लागती तर कदाचित नुसती बातमी झाली असती. माणसे झोपली होती त्या घराच्या पोटात ती लागली, म्हणून आकांत झाला.

दुसऱ्या बैठकीत मी बोलायला उभी राहिले. बालवाडीच्या शेजारी स्टेशन नको, असे मीही म्हणाले. पण बॉम्बच्या भीतीने नव्हे. आमची मुले साडेअकराला सुटतात ती पाखरांच्या थव्यासारखी. चार्जिंगला आलेल्या गाड्या पुढे-मागे होणार, आणि विजेची गाडी हळू चालताना तिचा आवाज जवळजवळ होत नाही. मागे सरणारी मुकी गाडी आणि चेंडूमागे वाकलेले तीन फुटी पोर, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. धोका केबलमध्ये नव्हता, चाकांत होता. लोक ज्याला भीत होते ते एक, आणि ज्याला भ्यायला हवे होते ते दुसरेच!

मग सगळ्यांचे मत नदीकडच्या मैदानाकडे झुकले. जागा मोठी, वस्तीपासून लांब, कुणाची हरकत नाही. कागदावर यासारखी जागा नाही. पण सांगलीच्या माणसाने कागदाबरोबर कृष्णामाईलाही विचारावे लागते. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या मैदानावर तेव्हा होडी चालत होती. २०२१ च्या जुलैतही पाणी तिथे आलेच. जमिनीपासून ८०० मिलिमीटर उंच बसवलेले सॉकेट त्या पाण्याला काय थोपवणार? आणि कोरड्या दिवसांतही तिथे दिवेलागणीनंतर चिटपाखरू नसते. ज्या जागेला कुणाची हरकत नसते तिथे पुष्कळदा कुणी नसतेच, हे आपल्या लक्षात येत नाही.

उरला भाजीबाजाराचा कोपरा. तो उंचावर आहे, उघड्यावर आहे, रस्ता रुंद आहे, समोर औषधाचे दुकान आणि चहावाला आहे. अडचण एवढीच की तिथे सात-आठ बायका भाजी घेऊन बसतात. “त्यांना उठवावं लागेल,” असे कुणीतरी सहज म्हणून गेले. जणू भाजीच्या पाट्याच उचलायच्या होत्या! बैठकीला त्यांच्यातली एक मावशी आली होती. कोपऱ्यात बसून ती सारे ऐकत होती. ती उठली आणि म्हणाली, “मी रात्री नवापर्यंत तिथं असते. माझ्यावर एक दिवा आहे, त्याच्या उजेडात पोरीबाळी निर्धास्त जातात. मला उठवून तिथं मोटारी लावल्या, तर त्या मोटारीतल्या बाईला सोबत कोण? यंत्र भिंतीकडं लावा, आम्ही रस्त्याकडं बसतो. पाऊण तास थांबणारं माणूस मेथीच्या दोन जुड्या तरी घेईलच की!”

सगळे हसले. पण मला त्या क्षणी हायवेवरची ती भिंत, ती कुत्री आणि तो एकटा हिरवा दिवा आठवला. त्या रात्री आम्हाला नेमके काय कमी पडले होते, ते या मावशीने दोन वाक्यांत सांगितले होते. सुरक्षितता म्हणजे नुसते तुटलेले सर्किट आणि लटकवलेले अग्निशामक नळकांडे नव्हे. कुणीतरी पाहते आहे, हाक मारली तर ऐकू जाईल, पाण्याचा तांब्या मिळेल, हीही सुरक्षितताच. ती कोणत्याही कंपनीच्या पेटीतून येत नाही, जागेबरोबर येते.

निर्णय अजून व्हायचा आहे. भिंतीकडची जागा मोजून नेली आहे. गाड्यांची ये-जा आणि पाट्यांची रांग यांच्यामध्ये कठडा हवा, असे मी लिहून दिले आहे. मावशींना उठवणार नाही असे तोंडी सांगितले गेले आहे. ते कागदावर यावे म्हणून आम्ही काहीजणी पाठपुरावा करीत आहोत. कारण तोंडी सांगितलेली गोष्ट पुरात पहिल्यांदा वाहून जाते, हा आमच्या गावाचा अनुभव आहे.

तुमच्याही गावात आज ना उद्या अशी जागा शोधली जाईल. ती शोधायला येणारे लोक केबल किती लांब न्यावी लागेल आणि भाडे किती पडेल हे बघतील. ते त्यांनी बघावेच. पण त्यांच्याबरोबर रात्री नऊ वाजता एखादी म्हातारी, एखादी तान्हे मूल कडेवर असलेली बाई आणि एखादी भाजीवाली तिथपर्यंत चालत जाऊन आली, तर फार बरे होईल. पूर कुठपर्यंत येतो, उजेड कुठे संपतो आणि हाक कुठपर्यंत पोहोचते, हे त्या तिघींना कुठल्याही नकाशापेक्षा चांगले ठाऊक असते.