स्टँडपुरतं गाव, स्टँडबाहेरचं गाव

कळमनुरीला रेल्वे आलीच नाही. पूर्णा-अकोला मार्ग शहराला बगल देऊन हिंगोलीकडे जातो, त्यामुळे एसटीचं स्टँड हेच आमचं स्टेशन. तसा मराठवाडा सरकारी मोटारीला सरावलेला होता. पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली १ जून १९४८ ला. पण मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, तिथं तर रेल्वे खात्याने १९३२ सालीच मोटारी सुरू केल्या होत्या.

एसटीच्या जुन्या दिवसांतली सगळ्यात शहाणी फेरी म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची गाडी खेड्यातच थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टरची पथारी मारुतीच्या पारावर, भाकरी कुणाच्या तरी घरची. पहाटे दुधाचे कॅन, शाळेची पोरं, कोर्टाच्या तारखेची माणसं घेऊन तीच गाडी कळमनुरीला यायची. माणसं जिथं उठतात तिथूनच गाडी सुटायची. कंडक्टरच्या पेटीतली रंगीत तिकिटं आणि पंचची टकटक सोबतीला. स्टँडवर उतरलं की बाजार, तहसील, शाळा, सगळं पायी. जिल्ह्याचं काम निघालं तर मात्र परभणी गाठायची, म्हणजे दिवस गेला.

१ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला आणि कलेक्टर कचेरी वीसेक किलोमीटरवर आली. आता तिकीट मशीनमधून निघतं. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट, २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. आमच्या आजीला हे ऐकून हसू आलं असतं. पण ज्या गावात गाडीच जात नाही, तिथं सवलत घ्यायची कुठं?

भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, कमी म्हणून संध्याकाळची फेरी बंद होते. परतीची खात्री गेली की लोक सकाळच्या फेरीतही बसत नाहीत. पोरगा हप्त्यावर मोटारसायकल घेतो, म्हातारी ऑटोत कडेला टेकते, आणि मग सकाळच्या फेरीचंही भारमान घसरतं. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात लोकांनी दुसऱ्या सोयी शोधल्या. त्यातले बरेच परत फिरलेच नाहीत.

इकडे शहर नांदेड-हिंगोली रस्त्याच्या कडेनं पसरत चाललंय. स्टँडवरून पायी सगळं उरकण्याचे दिवस गेले. सिटी बस मात्र मोठ्या शहरांची गोष्ट. २०२३ ची केंद्राची ई-बस योजनाही ३ लाखांवरच्या लोकसंख्येचा विचार करते. पायी फिरायला मोठं, सिटी बसला लहान, अशा तालुक्याच्या गावांचं नियोजन कुणाच्याच टेबलावर नाही.

यावर उपाय म्हणून नवी गाडी मागायचीही गरज नाही. खेड्याकडं जाणारी फेरी स्टँडवरून थेट हमरस्त्याला न लावता आधी दवाखाना, कॉलेज आणि नव्या वस्त्यांवरून फिरवा. दहा मिनिटं जास्त लागतील, डिझेलही थोडं जास्त जळेल. पण दवाखान्यातून निघालेल्या बाईला स्टँडपर्यंत वेगळा ऑटो करावा लागणार नाही, आणि रिकाम्या बाकांवर माणसं दिसतील.