सहायकाचं प्रगतिपुस्तक

फुटबॉलमध्ये सहायक प्रशिक्षकाचा निकाल कुठेच लागत नाही. संघ जिंकला तर मुख्य प्रशिक्षकाचा फोटो, हरला तर त्याचीच गच्छंती. सहायक दोन्ही वेळा मागच्या बाकावर. मग तो कसा होता, हे ओळखायचं कशावरून?

खालिद जमील यांचंच बघा. जन्म कुवेतचा, खेळाडू म्हणून कारकीर्द मुंबईत, महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून. 2009 पासून सात वर्षं मुंबई एफसीचे प्रशिक्षक. पुढे 2017 मध्ये त्यांनी मिझोरमच्या आयझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. हाच संघ आदल्या हंगामात लीगबाहेर घसरला होता, नंतर त्याला पुन्हा घेतलं गेलं. मोहन बागानपेक्षा एकच गुण जास्त, 37 विरुद्ध 36.

एवढं करून हा माणूस नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक झाला! मुख्याध्यापक राहिलेल्याला पुन्हा उपशिक्षक म्हणून रुजू करून घ्यावं, तसं. इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य खुर्ची परदेशी माणसाची, भारतीय असेल तर सहायक, असा रिवाजच पडला होता.

जानेवारी 2021 मध्ये जेरार्ड नूस यांना काढलं. 11 सामन्यांत दोनच विजय होते. जमील यांच्याकडे संघ आला आणि उरलेल्या नऊ साखळी सामन्यांत सहा विजय, तीन बरोबरी, पराभव शून्य. संघ उपांत्य फेरीत पोचला.

हे आकडे दाखवून आमच्या मोहल्ल्यातली पोरं म्हणतात, 'सर, आपला माणूस!' मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण पेपर तपासताना नाव झाकायचं असतं. संघ नूस यांनी बांधलेला होता. जानेवारीत देशॉर्न ब्राउन आला, त्याने गोल केले. कोविडमुळे सगळे सामने गोव्यात, प्रेक्षकांविना. तरीही मी पैकीच्या जवळचे गुण देईन, कारण आतून संघ ओळखणारा सहायकच इतक्या लवकर घडी बसवू शकतो. खेळाडूंचं काय बिनसलंय, हे त्याला आधीच माहीत असतं.

मग ऑक्टोबर 2021 मध्ये ते आयएसएलचे पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. तो हंगाम 11 संघांत दहावा. हेही त्याच प्रगतिपुस्तकात लिहावं लागेल. दुसऱ्याचा वर्ग अर्ध्या वर्षात हातात घेणं वेगळं आणि जूनपासून स्वतः वेळापत्रक लावणं वेगळं. ते त्यांना जमशेदपूरमध्ये जमलं: 2024-25 ला पाचवा क्रमांक, उपांत्य फेरी, शिवाय सुपर कपची अंतिम फेरी. ती गोव्याविरुद्ध हरले. बचाव आधी, बाकी नंतर, या त्यांच्या पद्धतीला अनेक जण नाकं मुरडतात. मला ती कमी पैशांच्या संघासाठी शहाणपणाची वाटते.

ऑगस्ट 2025 मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले, 13 वर्षांनी एक भारतीय. काफा चषकात ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरं स्थान मिळालं, तेव्हा आमच्याकडे मिठाई वाटायचीच बाकी होती. पुढच्याच महिन्यात मडगावला सिंगापूरकडून 1-2 हार, आशिया चषकाची वाट बंद. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून 0-1. राष्ट्रीय संघाला मात्र जमशेदपूरसारखा रोजचा सराव मिळत नाही. पोरं दहा-बारा दिवसांसाठी येतात आणि आपापल्या क्लबला परत जातात.