ब्रिक्स 22, तरी गूळ मऊ

मंडळी, गेल्या आठवड्यात ट्रॉली मिळाली नाही. तोडलेला ऊस चार दिवस उन्हात पडला. तोडताना ब्रिक्स 20 होता, गुऱ्हाळावर 22 भरला. मी खूश! गुळव्या मामांनी नुसता रस चाखला. "ऊस शिळा हाय. रवा बसायचा न्हाई."

नाहीच बसला. सकाळी बोट घातलं तर चिकट.

मग डोक्यात प्रकाश पडला. उसातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. ऊस तुटला तरी त्यातलं इन्व्हर्टेज नावाचं विकर (हे एक प्रथिनच) थांबत नाही, पाण्याचा एक रेणू वापरून जोडी फोडत राहतं. उन्हात तर जास्तच. सुट्या झालेल्या साखरा गोड असतात, पण गुळाला कणी धरू देत नाहीत, वर हवेतली ओल ओढतात. मीटर मात्र रसात विरघळलेलं सगळंच मोजतो. ऊस सुकला, पाणी उडालं, आकडा चढला. एवढंच.

व्यापाऱ्यानं भाव पाडूनच मागितला. शनिवारी उरलेला अर्धा एकर आहे. ट्रॉली बांधाला लागल्याशिवाय कोयता लावायचा नाही, टोळीला सांगून ठेवलंय.