आईबाबा दुबईला आले

आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांतला एखादा मुलगा आज आखातात आहे. दोन वर्षांनी तो सुट्टीवर येतो, खजूर आणतो, बहिणीच्या लग्नाचे कर्ज फेडतो आणि परत जातो. आईबाप त्याला विमानतळाच्या दारापर्यंत सोडायला येतात. दाराच्या पलीकडे काय आहे ते त्यांना ठाऊक नसते. आमच्या आईबाबांना ते पाहायला मिळाले. डिसेंबर २०२४ मध्ये ते दुबईला आले आणि आमच्याकडे आठ आठवडे राहिले. त्याची ही हकिगत.

आम्ही दुबईत अल कुसैस भागात राहतो. आम्ही उभयता नोकरी करतो. एक जण शिपिंगच्या कार्यालयात हिशेबनीस क्लार्क, तर दुसरी लहान मुलांच्या नर्सरीत. मुले दोन. घर म्हणजे एक खोली, एक हॉल आणि स्वयंपाकघर. बाबा बहात्तर वर्षांचे, त्यांना रक्तदाब आणि साखर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा त्यांचे वय तिशीचे होते. गिरणी गेली ती गेलीच, पुढची सगळी वर्षे त्यांनी वॉचमनकी केली. फिरायला जाणे असे त्यांच्या आयुष्यात काही नव्हते. गावी जाणे असे ते मयतीला किंवा लग्नाला. तीन वर्षे भिशी लावून आम्ही तिकिटाचे पैसे जमवले, कारण ही खेप पहिली आणि बहुधा शेवटचीच, हे आम्हाला माहीत होते.

ज्यांना आपली माणसे बोलवायची आहेत त्यांच्यासाठी थोडे कामाचे सांगतो. भेटीचा व्हिसा तीस दिवसांचा किंवा साठ दिवसांचा मिळतो. परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचा पुरावा जवळ ठेवावा. मुदत टळली तर दिवसाला माणशी पन्नास दिरहम दंड पडतो. एक दिरहम म्हणजे तेव्हा साधारण तेवीस रुपये होते, तेव्हा हिशेब ज्याचा त्याने करावा. औषधांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी हवीच. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या खोकल्याच्या आणि दुखण्याच्या काही औषधांवर इथे कडक निर्बंध आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थात मोडते. चिमूटभर सापडली तरी प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकते. आईने डंकावरून कुटून आणलेला तीन किलो काळा मसाला पिशवीत भरून ठेवला होता आणि त्यात खसखस होती. फोनवर आम्ही सांगितले तेव्हा ती म्हणाली, “बिनखसखशीचा मसाला म्हणजे काय मसाला?” पण शेवटी सगळा मसाला शेजाऱ्यांत वाटला आणि दुसरा कुटून आणला. हे प्रत्येक आईला आधीच सांगून ठेवावे. मसाला तिच्या हातचा असतो, पण विमानतळावर उभे तिला एकटीला राहावे लागते.

पहिला आठवडा सगळ्यांनाच जड गेला. सकाळी सातला आम्ही बाहेर, मुले शाळेत, आणि सहाव्या मजल्यावर दोन म्हातारी माणसे बंद दाराआड. उल्हासनगरात त्यांच्या घराचे दार रात्री झोपतानाच लागते. इथे शेजारचे दार उघडते आणि लगेच मिटते. बाबा खिडकीत उभे राहून गाड्या मोजत. आई सारखी फरशी पुसत राही. पाहुणा आला की घरच्या बाईचे काम दुप्पट होते असे म्हणतात ते खरेच आहे, पण पाहुण्याला काम न देणे हीही एक शिक्षाच असते. तेव्हा भाकरी आईकडे आणि नातवंडांना शाळेच्या बसपाशी आणणे बाबांकडे, असे ठरले. त्या बसथांब्यावर बाबांना एक केरळी आजोबा आणि एक पेशावरचा पठाण ड्रायव्हर भेटला. मोडक्या हिंदीत तिघांचे रोज अर्धा तास चाले. बाबांचा रक्तदाब त्याने सुधारला असे आमचे मत आहे.

फिरायला आम्हाला रविवारच मोकळा. २०२२ पासून इथली सुट्टी शुक्रवारवरून शनिवार-रविवारवर आली, पण आमच्या कार्यालयात शनिवारी अर्धा दिवस काम असतेच. म्हणून सहली झाल्या त्या सगळ्या बसच्या आणि मेट्रोच्या, सकाळी डबा बांधून निघायचे आणि रात्री घरी. बुर्ज खलिफा आम्ही खालूनच दाखवला. ८२८ मीटरची ती इमारत, वरच्या मजल्यावर सहा जणांना न्यायचे तर महिन्याचा किराणा गेला असता. बाबांनी मान वर केली, टोपी पडली, ती उचलली आणि म्हणाले, “एवढ्या वर काचा पुसायला कोण जातं?” त्यानंतर त्यांनी त्या इमारतीकडे फारसे पाहिले नाही. दोरीला लटकलेला माणूस दिसतो का, तेवढे मात्र शोधत होते.

मेट्रोत एक गंमत झाली. बायकांचा आणि मुलांचा डबा वेगळा असतो आणि त्यात पुरुष शिरला तर शंभर दिरहम दंड. आई नातीला घेऊन त्या डब्यात गेली, बाबा आमच्याबरोबर. लग्नाला पन्नास वर्षे होत आली, पण परक्या देशात दोघांची अशी ताटातूट झालेली बाबांना सहन होईना. दर स्टेशनला ते काचेतून डोकावत. आई मात्र खुशाल. गर्दी आहे पण धक्का नाही, असा डबा तिला मुंबईत कधी मिळाला नव्हता.

त्यांना सर्वांत आवडली ती एक दिरहमची सहल. दुबईच्या खाडीत देरा आणि बर दुबई या दोन काठांमध्ये अब्रा नावाच्या लाकडी होड्या चालतात. माणशी एक दिरहम. सहा दिरहमात सहा जण पलीकडे गेलो, पुन्हा अलीकडे आलो आणि आईच्या हट्टावरून पुन्हा पलीकडे गेलो. देऱ्याच्या धक्क्यावर मोठी लाकडी गलबते लागलेली असतात. फ्रीज, टायर, गोणी, गाद्या असा माल भरून ती इराणकडे, सोमालियाकडे जातात. बाबा तिथे तासभर बसले. हमाल माल कसा रचतात, कोणती पेटी आधी आणि कोणती नंतर, हे ते बारकाईने बघत होते. मुलांना आइस्क्रीम हवे होते. बाबा म्हणाले, थांबा, त्यांची पाळी संपू द्या.

अल ऐनची सहल लांबची. बसने दोन तासांच्या आत-बाहेर. तिथले खजुराचे बन पाहायला पैसे लागत नाहीत. अल ऐनच्या या हिरव्या जागांना २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. वाळवंटात एवढी झाडे कशी, तर फलजमुळे. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखालचे पाणी लागते. तिथून उताराने भुयार खणत आणायचे आणि वस्तीजवळ पाणी वर आले की पाटाने बागेत सोडायचे. पंप नाही, मोट नाही. ही विद्या या भागात सुमारे तीन हजार वर्षांची जुनी आहे. बागांना पाणी पाळीने मिळे. दिवसा सावली मोजून आणि रात्री तारे पाहून पाळी बदलत असत.

आईचे माहेर बार्शीकडचे. पाट म्हणजे काय ते तिला शिकवावे लागत नाही. ती चप्पल काढून पाटाच्या कडेला बसली, हात लावू का म्हणून विचारले आणि मग हात लावला. थोड्या वेळाने म्हणाली, “पाळी बागवाल्यांची. पण प्यायचं पाणी? ते सगळ्यांना घेता यायचं का?”

आम्ही जे वाचले होते ते सांगितले. फलजच्या पद्धतीत पाणी जिथे पहिल्यांदा उघड्यावर येते ती जागा पिण्याच्या पाण्याची. ते कोणीही घ्यावे, वाटसरूनेही. हिस्सा आणि मालकी सुरू होते ती पुढे, शेताच्या पाण्याला. आई काही बोलली नाही. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आपल्या बायकांना घागर घेऊन बाजूला उभे राहावे लागे, कोणाला दया आली तर वरून पाणी ओतत. ही गोष्ट तिने आम्हाला अनेकदा सांगितली आहे. त्या दिवशी ती नातीला सांगितली, पाटात पाय सोडून. आमची मुलगी सहावीत आहे. तिने विचारले, “मग तू तहानलेली राहायचीस?” आई म्हणाली, “राहायचे की.” बाबांनी डबा उघडला आणि आम्ही जेवलो. सहलीला असे काही बोलणे निघेल असे आम्हाला वाटले नव्हते, पण घरात बसून ते निघाले नसते हेही खरे.

आता सोनापूरचे सांगायचे आहे. अल कुसैसला लागूनच मुहैसना भागात कामगारांची मोठी वस्ती आहे, तिला सगळे हिंदी बोलणारे सोनापूर म्हणतात. आम्ही तिथल्या मुलांचे अर्ज लिहून देतो, कोणाचा पगार अडला, कोणाचा पासपोर्ट, तर सोबत जातो. परवान्याशिवाय वर्गणी गोळा करण्यास या देशात कायद्याने बंदी आहे, म्हणून आमचे समाजकार्य हे असेच, पेनाचे आणि पायाचे. एका रविवारी आम्ही म्हटले, सोनापूरची पाच मुले जेवायला येणार आहेत. आई दचकली. मुंबईकराला सोनापूर म्हणजे मसणवट! “असल्या नावाच्या जागी पोरं ठेवतात होय?” असे म्हणून तिने दहा माणसांचा स्वयंपाक केला. देऱ्याच्या मासळी बाजारातून सुके बोंबील आम्ही आदल्या दिवशीच आणले होते. ज्वारीचे पीठ इथे मिळते. भाकरी, बोंबलाची चटणी, वांग्याचे भरीत.

मुले आली, जयभीम झाला, आणि दाराशीच घुटमळली. एक वेल्डर, दोघे एसीच्या कामावर, दोघे सफाईला. एकेका खोलीत सहा-आठ जण झोपतात, तिथे आईबापाला बोलावणार कसे? आणि त्या पगारात व्हिसा कुठून काढणार? एकाने चार वर्षांत आईला पाहिले नव्हते. पाहिले होते ते फोनवर. इथे व्हॉट्सॲपवर निरोप जातो पण बोलणे होत नाही, त्यासाठी वेगळे ॲप घ्यावे लागते, आणि ते त्याच्या आईला वापरता येत नाही. जेवण झाल्यावर हा मुलगा भिंतीला टेकला आणि बसल्या जागी झोपला. आईने त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली, अंगावर गोधडी घातली, टी.व्ही. बंद केला आणि नातवंडांना दटावून आतल्या खोलीत पाठवले. पाच वाजेपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. उठल्यावर तो ओशाळला. आई त्याला म्हणाली, “झोप रे, अजून चहा व्हायचाय.”

त्यानंतर उरलेले सगळे रविवार तसेच गेले. आमच्या आणखी दोन सहली ठरल्या होत्या, त्यातली अबुधाबीची राहूनच गेली. मुले नाराज झाली. आईबाबा नाही झाले.

निघायच्या आदल्या रात्री पाचही जण पुडकी घेऊन आले. घरी पोचवायची. कोणाची बहिणीसाठी घड्याळ, कोणाचे खजूर, बाम, चादर. प्रत्येक पुडके आम्ही त्याच्यासमोर उघडून पाहिले आणि पुन्हा बांधले. यात अविश्वास नाही. दुसऱ्याचे सामान नेणाऱ्याने हे केलेच पाहिजे, आणि देणाऱ्याने वाईट वाटून घेऊ नये. वजन भरले तेव्हा आईने स्वतःसाठी घेतलेली चार किलोची कढई बाहेर काढली. ती अजून आमच्याकडे आहे.

पुडकी होती उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याण आणि घाटकोपरची, आणि एक परभणीचे. बाबांनी पहिल्या आठवड्यात चार घरे केली. प्रत्येक घरी बसून मुलगा काय खातो, कुठे झोपतो, अंगाने कसा आहे, हे विचारतील तेवढे सांगितले. परभणीचे पोस्टाने पाठवा, तब्येत सांभाळा, असे आम्ही फोनवर सांगितले. चार वर्षे न भेटलेल्या त्या मुलाचे घर तेच होते. बाबा हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.ने परभणीला गेले.